भोगीच्या दिवशीचा उपास

रविवारची उपासना संपत आली होती. लोक सतरंज्यांवरून उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ईरप्पामास्तर उभा राहिला आणि म्हणाला, की आजपासून जत्रेच्या शेवटचं शोभेचं दारूकाम उडेपर्यंत मी अन्न घेणार नाही. फक्त पाणी.

असं काही त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं. येडूबा पाळकांनी आपल्या संदेशात एवढंच म्हटलं होतं, की सिद्धेश्वराच्या जत्रेला सोलापुरात सारा मुलूख लोटतो. त्या गर्दीत आपली लहानशी मंडळी नुसती दारं लावून बसते. त्यापेक्षा या दिवसांत आत्मिक वाढीसाठी उपास-प्रार्थना करावी. ज्याला जमेल त्यानं दुपारचं जेवण सोडावं. गिरणीत दिवसभर उभं राहणाऱ्यांनी तेवढंही करू नये. आणि केलं तर ते आपलं आपल्यापाशी ठेवावं. हे शेवटचं वाक्य हवेत विरायच्या आत मास्तर उभा राहिला होता.

बायकांच्या बाजूला बसलेल्या केराबाईनं, त्याच्या बायकोनं, मान वर करून पाहिलं आणि मांडीवरच्या मार्थाच्या झबल्याची नाडी पुन्हा बांधायला घेतली. भिमा जॉबर मात्र भारावून गेला. गिरणीतला मुकादम, दांडगा माणूस, बाप्तिस्मा घेऊन वर्षच झालेलं. तो मोठ्यानं "आमेन" म्हणाला, आणि त्याच्यामागून बाकीचेही म्हणाले.

ईरप्पाला ढोंगी म्हणणं बरोबर होणार नाही. तो बोलला ते मनापासूनच. गेलं वर्षभर त्याच्या आत काहीतरी आटत चाललं होतं. मिशनच्या शाळेत तो मराठी आणि पवित्र शास्त्र शिकवी, संध्याकाळी पेठेत भजनं म्हणत फिरे, आणि रात्री गुडघे टेकले की पाढे म्हटल्यासारखी प्रार्थना तोंडातून निघून जाई. सहा वर्षांपूर्वी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा, असं नव्हतं. बोरी नदीच्या काठचं, अक्कलकोटकडचं त्याचं गाव. घर लिंगायताचं, शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी. त्यानं गळ्यातलं लिंग काढून ठेवलं त्या दिवशी बापानं दार लावून घेतलं. पुढं मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या केराशी त्यानं लग्न केलं. तिचे आईबाप मोडनिंबचे, गावकुसाबाहेरचे. ते कळल्यावर बापानं घरात त्याचं नावही काढू दिलं नाही. बाप गेला तेव्हा माती द्यायलासुद्धा निरोप आला नाही. हे सगळं सोसताना ईरप्पाच्या मनाला एक ऊब होती. ती ऊब कुठं गेली, हे त्याला कळेना. उपासानं ती परत येईल, असं त्याला खरोखर वाटलं होतं.

आणि ती आलीही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो शाळेच्या रिकाम्या वर्गात जाऊन बसला. पोट आत गेलेलं, डोकं हलकं. नेहमीचे शब्द आठवेनात, म्हणून तो एवढंच म्हणाला, "प्रभू, मी कोरडा पडलोय." आणि मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही. बाकांच्या मधल्या अंधारात कुणीतरी शेजारी येऊन बसावं तसं त्याला वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं. ते खरं होतं. पुढं आयुष्यभर, स्वतःवरचा सगळा विश्वास उडाला तेव्हाही, त्या पहाटेबद्दल त्याला कधी शंका आली नाही.

पण उजाडल्यावर तो बाहेर आला तेव्हा गिरणीवर निघालेला भिमा जॉबर वाटेत भेटला, आणि ईरप्पानं त्याला ते सगळं सांगितलं. सांगितलं तिथंच ते उष्टं झालं. संध्याकाळपर्यंत मिशनच्या चाळीत घरोघर कळलं. बायका पोरांना घेऊन त्याच्या पडवीत येऊ लागल्या. एकीनं तापानं फणफणलेलं पोर त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "मास्तर, हात ठेवा की." त्यानं हात ठेवला. त्याचा आवाज आपोआप हळू झाला. माणसं दिसली की चाल मंदावू लागली. उपास करणाऱ्यानं तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बाहेर पडावं, ही प्रभूची शिकवण तो दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेई. केराबाईनं सकाळी तेलाची वाटी त्याच्याजवळ सरकवून ठेवली. तो ती न पाहिल्यासारखं करून कोरड्या केसांनीच बाहेर आला.

भोगीच्या सकाळी केराबाई शेंगा भाजत होती. संक्रांतीला शेंगाच्या पोळ्या करायच्या, म्हणून मोठी पाटीभर शेंगा भाजून तिनं त्या सरपणाच्या खोलीत निवत ठेवल्या आणि पाण्याला गेली. मार्था झोपली होती. ईरप्पा बंबासाठी लाकडं आणायला म्हणून त्या खोलीत शिरला. भाजक्या शेंगांचा वास खोलीभर कोंडला होता. नुसता वास घ्यावा म्हणून तो वाकला. मग एक फोडली. मग उकिडवा बसून, दाराकडं पाठ करून, त्यानं मूठ भरली आणि टरफलं पुरती निघायच्या आत दाणे तोंडात टाकू लागला. कोनाड्यात गुळाची ढेप होती, तिचा टवका काढला. घशाखाली उतरत होतं तेवढा वेळ त्याच्या डोक्यात एकही विचार आला नाही. केराबाईच्या बांगड्या अंगणात वाजल्या तेव्हा तो भानावर आला. टरफलं त्यानं लाकडांच्या ढिगाखाली सारली, धोतर झटकलं आणि मागच्या दारानं जाऊन चूळ भरली.

पडवीत भिमा जॉबर आणि आणखी तीनचार माणसं येऊन बसली होती. जत्रेमुळं गिरणीला सुट्टी होती. येडूबा पाळकही होते. भिमा त्याच्याकडं बघत म्हणाला, "मास्तर, तुमच्या तोंडावर तेज आलंया."

सांगून टाकावं, असं ईरप्पाच्या मनात आलं. अगदी जिभेवर आलं. पण आधी प्रार्थना तरी होऊ दे, मग पाळकांना बाजूला घेऊन सांगू, असं म्हणत त्यानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दुपारी उन्हं पायरीवर आली तेव्हा त्याची आई आली.

नंदीध्वजाच्या काठ्यांच्या मिरवणुकीतल्या हलगीचे आवाज लांबून येत होते. गुरम्मा पायरीखाली येऊन थांबली. कपाळावर विभूतीचे पट्टे, पायांवर गाडीवाटेची धूळ, काखेत फडक्यात बांधलेली भाकरींची चवड. सहा वर्षांत त्यानं तिला एकदाच, मंगळवारच्या बाजारात लांबून पाहिलं होतं. तेव्हा बाप बरोबर होता आणि तिनं तोंड फिरवलं होतं. ईरप्पा उठून उभा राहिला.

"अव्वा," तो म्हणाला.

"गाड्या तळ्याकडं सोडल्यात," ती कानडीत म्हणाली. घरात ते कानडीच बोलत. "चनबसप्पा काठ्या बघायला गेलाय. मी म्हटलं, जरा जाऊन येते."

चनबसप्पा त्याचा थोरला भाऊ. बापाच्या मागं घर त्याच्या हातात होतं. त्याला न सांगता ती आली होती, हे ईरप्पाला कळलं. आवाज ऐकून केराबाई दारात आली आणि तिथंच थबकली. सासूला ती पहिल्यांदाच पाहत होती. मार्था तिच्या लुगड्यामागून डोकावली. गुरम्मानं त्या दोघींना नीट पाहून घेतलं आणि मराठीत म्हणाली, "भोगी हाय बाई. बाजरीच्या भाकरी आनल्यात, तीळ लावून. कालवन केलंस का न्हाय?"

"केलंय की, आत्याबाई," केराबाई म्हणाली. "भोगीचीच भाजी केलीया."

"मग वाढ. माजं, त्याचं, पोरीचं. एका वळीनं बसू. तुज्या हातचं खाईन म्हनून आलेय."

पडवीत बसलेल्यांतल्या प्रत्येकाला या बोलण्याची किंमत कळत होती. गावात कुणाला समजलं तर तिला घरात ठेवणार नाहीत. केराबाई आत वळली. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

ईरप्पाची नजर भिमा जॉबरकडं गेली. भिमा डोळे मोठे करून त्याच्याकडंच बघत होता.

"अव्वा, मला जेवता येत नाही आज," तो म्हणाला. "उपास आहे."

"कसला? आज सोमवार न्हाय."

"प्रभूचा. आत्मा वाढावा म्हणून. जत्रा होईपर्यंत अन्न सोडलंय."

गुरम्मानं त्याला आपादमस्तक पाहिलं. "वाळलास," ती म्हणाली. मग गाठोड्याच्या गाठीवर बोटं ठेवून म्हणाली, "एक घास घे. तू एक घास घे, म्हंजी मला खाता येईल."

येडूबा पाळक पुढं सरकले. "मास्तर, जेवा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी सांगतो. यात काही पाप नाही."

सुटकेचं दार उघडंच होतं. मोडलेलाच उपास, तो पाळकाच्या शब्दानं उघड मोडायचा आणि आईच्या शेजारी पानावर बसायचं, एवढंच करायचं होतं. पण सकाळची मूठ त्याच्या पोटात बसली होती. आता बसलो तर मी कच्चा पडलो असं होईल; आणि सकाळी मी कच्चा पडलोच आहे हे यांना कुठूनतरी कळेल, असं काहीतरी खुळ्यासारखं त्याच्या मनात आलं. तो आईकडून माणसांकडं वळला. वर्गात लागायचा तो आवाज त्याला लागला.

"बंधूंनो," तो मराठीत म्हणाला, "परीक्षा कुठल्या वाटेनं येईल, सांगता येत नाही. सैतान कधी वैऱ्याच्या तोंडानं येतो, कधी आईच्या हातानं."

"आमेन," भिमा म्हणाला.

गुरम्माचं माहेर मोहोळकडचं. मराठी तिला कानडीइतकीच येई, आणि हे ईरप्पाला ठाऊक नव्हतं असं नाही.

त्यानं डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. शब्द भराभर येत होते. डोळे उघडून तिच्याकडं बघायला नको, म्हणून तो बोलतच राहिला. मध्येच त्याला आईचा आवाज ऐकू आला, "पानी दे बाई मला," आणि मग तांब्या पायरीच्या दगडावर टेकल्याचा आवाज. त्यानं "आमेन" म्हणून डोळे उघडले तेव्हा पायरी रिकामी होती. केराबाई दारात उभी होती, आणि मार्थाच्या हातात तीळ लावलेली अर्धी भाकरी होती.

त्या संध्याकाळी केराबाईनं सरपणाची खोली झाडली. लाकडं बाजूला करून तिनं टरफलं सुपात भरली आणि त्याच्यासमोर चुलीत ओतली. ती भुरकन पेटली.

"आज सकाळचीच हायत," ती म्हणाली. "आदी वाटलं मार्थानं खाल्ल्या. पन मार्था टरफलं लपवत न्हाय."

बाहेर उडालेलं एक टरफल ईरप्पानं चुलीत सारलं.

"आनि एक सांगते. तुमी डोळं मिटून बसला व्हता म्हनून सांगते. मी वरनं पानी वतायला गेले, वंजळीत. तिनं माज्या हातातला तांब्या घेतला आनि तोंड लावून पिली. सगळा. मग गेली."

ईरप्पा गुडघ्यांत डोकं घालून बसला. केराबाईनं त्याला उठवलं नाही, जेवायलाही बोलावलं नाही.

पण उपास काही तिथं संपला नाही. तो आता एकट्या मास्तराचा राहिला नव्हता. सख्ख्या आईला परत पाठवलं पण व्रत मोडलं नाही, ही गोष्ट भिमानं चाळभर केली होती. आता अन्न त्याच्यानं खाववतही नव्हतं, ते वेगळंच. दारूकामाच्या दुसऱ्या दिवशी मंडळीनं उपकारस्तुतीची सभा ठेवली आणि त्याला पुढं बसवलं. येडूबा पाळकांनी त्याच्या हातात भाताच्या पेजेची वाटी दिली. देताना त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. सगळे उभं राहून गात होते आणि तो एकेक घोट घेत होता. गाण्याचे शब्द त्याला ऐकू येत नव्हते. शेवटी भिमानं वाकून त्याच्या पायाला हात लावला. ख्रिस्ती माणसानं असं करायचं नसतं, हे सांगायलाही त्याचं तोंड उघडलं नाही.

पुढच्या मंगळवारी बाजारात त्याला गावचा रुद्रप्पा भेटला. तो तूरडाळीचं पोतं घेऊन आला होता. लहानपणी दोघं एकत्र नदीत पोहलेले. जातीबाहेर गेलेल्याशी बोलायचं नाही हा नियम रुद्रप्पा बाजारात पाळत नसे.

"तुज्या आईला गोठ्यात ठेवलंय, कळलं का?" तो म्हणाला.

"का?"

"तुज्या घरी पानी पिली म्हनं. कुनी बघितलं नव्हतं, खरं सांगतो. चनबसप्पानं नुसतं इचारलं, कुटं गेलतीस. ही सांगून मोकळी. तो म्हनला, खाल्लं न्हाईस न्हवं काय? तर म्हनली, खाल्लं न्हाय, पानी पिले. मठातले अय्या आले, त्यांनी पाच सोमवार निरंकार करायला लावलंय, पान्याचा घोटबी न्हाय. तवर चूल येगळी. आनि पुन्हा जानार न्हाय, शिवून घेनार न्हाय म्हनून शबुद द्यायला लावलाय."

ईरप्पा बाजारातून तसाच येडूबा पाळकांच्या घरी गेला. पाळक अंगणात बाजेला सुंभ ताणत बसले होते. ईरप्पानं त्यांना सगळं सांगितलं, शेंगांपासून. सांगताना तो रडला. येडूबांनी सुंभ हातातून सोडलं नाही.

"रविवारी मंडळीपुढं उभा राहतो," ईरप्पा म्हणाला. "सगळं कबूल करतो. जमिनीवर नाक घासतो."

"घासा," पाळक म्हणाले. "तुम्ही रडाल, मंडळी रडेल. भिमा म्हणेल, काय मोठं मन आहे मास्तरांचं. पुन्हा तेच होईल की हो. सांगायचं तर सांगाच, पण आधी आईकडं जा. तिथं आमेन म्हणायला कुणी नाही."

मग त्यांनी सुंभाची गाठ आवळली. "मीही त्या दिवशी तिथंच होतो," ते म्हणाले. "तुम्ही ते बोललात, तरी मी उठून गेलो नाही. आई उन्हात उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणावं असं दहादा मनात आलं. माझ्यासारख्या गावकुसाबाहेरच्यानं त्यांना बसा म्हटलेलं चालेल का, याच विचारात राहिलो. शेवटी कुणीच म्हटलं नाही."

सोमवारी शाळेची सुट्टी काढून ईरप्पा अक्कलकोट रोड स्टेशनला उतरला आणि चालत गावात गेला. चनबसप्पा दारातच होता. तो अंगानं भरला होता, बापासारखा दिसत होता.

"आत येऊ नको," तो म्हणाला.

"येत नाही. अव्वाला भेटतो आणि जातो."

चनबसप्पानं गोठ्याकडं हात केला.

गोठ्याच्या एका कडेला सारवून जागा केली होती. तिथं एक चूल होती, न पेटवलेली. गुरम्मा सूप घेऊन तूर निवडत बसली होती. सोमवार होता. तिच्या ओठांना कोरड पडली होती. ईरप्पा उंबऱ्याबाहेर मातीत बसला.

"अव्वा, त्या दिवशी माझा उपास मोडलेला होता," तो म्हणाला. "तू यायच्या आधीच. सकाळी चोरून शेंगा खाल्ल्या होत्या."

सुपातला तिचा हात थांबला. "मग भाकरी का न्हाय खाल्लीस?" तिनं विचारलं.

तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या तोंडाकडं बघून ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला जमीन दुभंगावी असं वाटलं.

"लोक बसले होते," तो म्हणाला.

"लोक मलाबी हायत की," ती म्हणाली. मग म्हणाली, "सैतान म्हनालास मला." हे ती मराठीत म्हणाली.

त्यानं मातीत डोकं टेकलं. ती उठली नाही, त्याच्या पाठीवरून हातही फिरवला नाही. तुरीतले खडे ती एकीकडं टाकत राहिली. म्हैस मध्येच फुरफुरली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ऊठ. कपाळाला शेण लागलंय."

तो उठून बसला.

"मी आता तुज्याकडं येनार न्हाय. अंगारा हातावर घेऊन शबुद दिलाय, तो मोडनार न्हाय. तू येत जा. माजं सोमवार झालं की केराला आन, पोरीला आन. चनबसप्पा काय म्हनायचं ते म्हनंल. आता जा, गाडी चुकंल."

स्टेशनाकडं परत चालताना ऊन कलत आलं होतं. आपण सकाळपासून काही खाल्लं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. गावात पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. आज आपला खरा उपास घडला, असा एक विचार त्याच्या मनात डोकावला. आणि तो विचार आल्याची त्याला इतकी लाज वाटली, की त्यानं स्टेशनाबाहेरच्या दुकानातून चुरमुरे घेतले आणि सगळ्यांच्या देखत, फलाटावर उभ्यानं खाल्ले.

रविवारी तो मंडळीत उभा राहिला. रडायचं नाही असं ठरवून आला होता, आणि रडला नाही. उपास तिसऱ्याच दिवशी मोडला होता, आईला खोटं सांगून परत पाठवलं, एवढं बोलून तो खाली बसला. कुणी आमेन म्हटलं नाही. मागं कुणीतरी खाकरलं. भिमा जॉबर उपासना संपायच्या आत उठून गेला आणि पुढं कित्येक महिने आलाच नाही. मास्तराच्या खोटेपणापायी एक माणूस मंडळीतून गेला, हे येडूबा पाळक कधी बोलून दाखवत नसत, पण भिमाची जागा रिकामी दिसे. शाळेत पोरांनी त्याचं नाव शेंगामास्तर ठेवलं. फळ्याकडं पाठ फिरवली की मागून दातांनी शेंगा फोडल्यासारखा कटकट आवाज येई. त्यानं कुणाला छडी मारली नाही. मारायला हात उचलला की त्याला सरपणाची खोली आठवे.

तेलाची वाटी मात्र तो आता रोज सकाळी स्वतःच मागून घेई. प्रार्थनेला बसला की पुष्कळदा काहीच घडत नसे. तो तसाच बसून राही, आणि काय झालं ते कुणाला सांगत नसे.

फाल्गुनात ते तिघं गावी गेले. निघताना तो केराबाईला म्हणाला होता, "तू नाही आलीस तरी चालेल. तिथं तुला काय मान मिळणार, मला माहीत आहे."

"तिनं तोंड लावून पानी पिलंय माज्या हातचं," केराबाई म्हणाली. "मी येते."

चनबसप्पा त्या दिवशी मुद्दाम मळ्यात निघून गेला होता. गुरम्मानं अंगणात गोठ्याच्या सावलीला पोतं अंथरलं, पळसाच्या तीन पत्रावळी मांडल्या. तिचे सोमवार झाले होते, चूल पुन्हा एक झाली होती, पण दिलेला शब्द होता. तिनं भाकरी वरून सोडल्या, हात न लागेल अशा. शेंगाची चटणी वरून सोडली. भाजी पळीनं लांबून घातली.

केराबाईनं दोन्ही हात पुढं करून भाकरी अलगद झेलली. ते हात सराईत होते. मोडनिंबला लहानपणी, दारोदार, ते शिकले होते. ईरप्पाची भाकरी मात्र त्याच्या हातांतून निसटून मातीत पडली. आपल्या बापाच्या अंगणात त्याला असं कुणी कधी वाढलं नव्हतं. इतकी वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिनं हे लहानपणापासून झेललं, आणि आपण एकदाही तिला त्याबद्दल विचारलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं भाकरी उचलून झटकली आणि पत्रावळीवर ठेवली.

गुरम्मा आपलं ताट घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. मध्ये अंगण होतं. ती त्यांच्याकडं तोंड करून बसली होती, पण घास मोडत नव्हती. ती कशासाठी थांबली आहे, हे आधी कुणाला कळेना. मग केराबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

ईरप्पानं डोकं खाली घातलं. एरवी जेवणाआधीची त्याची प्रार्थना चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. आज त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. मार्थानं त्याच्याकडं बघून डोळे घट्ट मिटले.

त्यानं मान वर केली तेव्हा अंगणापलीकडून आईनं विचारलं, "झालं?"

"झालं," तो म्हणाला.

मग तिनं आपल्या ताटातली भाकरी मोडली.